कॅम्प पाचची शुद्ध चाल

शाळेत जायला लागले, नीट लिहू-वाचू लागले, तरी माझी ठाम समजूत होती की सिनेमावाले माझ्या आईच्या चाली चोरतात.

समजूत पुराव्यावर आधारलेली होती. आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचो. आई एका महिला भजनी मंडळाची प्रमुख होती आणि दर गुरुवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत मंडळाचा सराव चालायचा. भजनी मंडळांची एक जुनी पद्धत आहे. अभंग जुन्या चालीत म्हणायचा, आणि तो संपत आला, श्रोत्यांपैकी निम्मे पेंगू लागले, की गजर घ्यायचा. गजरात नाव देवाचं, चाल मात्र लोकांच्या ओठांवरची, म्हणजे सिनेमातली. पेंगणारा माणूस दचकून उठतो आणि टाळ्या वाजवायला लागतो. यात लपवाछपवी नसते. सगळ्यांना सगळं माहीत असतं. फक्त मला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात सिनेमाला बंदी होती. वडिलांच्या मते सिनेमानं माणूस बिघडतो आणि गाण्यांनी रेडिओचा सेल संपतो. बातम्या झाल्या की ते रेडिओचा कान पिळायचे.

आईला चाली मिळायच्या त्या भिंतीतून. शेजारी एक सिंधी कुटुंब होतं. त्यांचा रेडिओ सकाळपासून चालू असे, आणि दोन घरांमधली भिंत अशी होती की तिकडं मिरची परतली तर इकडं ठसका लागायचा. शब्द भिंतीत अडकायचे, चाल तेवढी गाळून यायची. आई कणीक मळता मळता ती उचलायची आणि गुरुवारपर्यंत त्या चालीवर कुणीतरी देव बसलेला असायचा. अशा रीतीनं लहानपणी मी भरपूर सिनेसंगीत ऐकलं. ते सगळं विठ्ठल, दत्त, गणपती आणि महादेव यांच्याविषयी होतं.

या शिक्षणाला पहिला तडा गेला शेजारच्या आंटीच्या मुलीच्या लग्नात. गल्लीत बँड आला. लाल कोट, खांद्यांवर पिवळे झुबके, सगळ्यात पुढं गाल फुगवलेला क्लॅरिनेटवाला. त्यानं सुरू केला तो आमचा शंभोचा गजर. आई ज्यात प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबते आणि सगळ्या बायका एका दमात 'शंभो' म्हणतात, तोच. मी हातातली जिलेबी खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले. थांबायची जागा आली तेव्हा खणखणीत आवाजात 'शंभो' म्हणाले. आजूबाजूला नवऱ्याचे मामा आणि मित्र कमरेवर हात ठेवून काय करत होते, ते डोळे मिटल्यामुळं मला दिसत नव्हतं.

आंटी मला लाडानं 'अडी' म्हणायची. तिनं मला खांद्याला धरून हलवलं. "अडी, क्या हुआ? चक्कर आ रहा है?"

"महादेवाचं आहे ना," मी म्हणाले.

"महादेव?" आंटी इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं, जिलेबीवरच. "अरे बेटा, ये तो वो दारूवाला गाना है! वो बाई ग्लास लेके जीना उतरती है ना!" आणि दोन्ही हातांत आहेराच्या पिशव्या असताना, नवऱ्या मुलीच्या आईनं ती बाई जिना कशी उतरते ते भर गल्लीत करून दाखवलं. आम्ही 'शंभो' म्हणतो त्या जागी ती बाई 'हाय' म्हणते, हेही मला तेव्हाच कळलं.

घरी येऊन मी आईला म्हणाले, "त्यांनी तुझी चाल चोरली. आणि वर दारू प्यायले."

"चोरली नाही. मीच घेतलीय त्यांच्याकडनं."

"मग आपण चोर?"

"चाल कुणाच्या बापाची नसते," आई म्हणाली. "शब्द आपले आहेत ना? झालं तर. आणि हे यांना सांगू नकोस."

त्यानंतर मला छंदच लागला. आईच्या गजराचं मूळ शोधायचं. बँडमधून, हॉटेलांतल्या रेडिओतून, मैत्रिणींच्या टीव्हीवरून एकेक सापडत गेलं. बहुतेक वेळा निराशाच व्हायची. आमच्या गणपतीच्या गजरात दहा बायका जीव तोडून टाळ कुटायच्या. मूळ गाण्यात एक गृहस्थ झाडाला टेकून कुजबुजत होते. दत्ताच्या गजराला कशी चढत जाणारी लय होती. मुळात मध्येच नायिका पळून जायची आणि पुढची कितीतरी मिनिटं नुसती व्हायोलिनं. लोक मूळ गाणं आधी ऐकतात आणि नकलेला नावं ठेवतात. माझं उलट झालं. मला आजही बरीचशी गाजलेली गाणी आमच्या मंडळाच्या भजनांची कच्ची नक्कल वाटतात.

पुढं लग्न झालं, आम्ही बदलापूरला घर घेतलं, वडील गेल्यावर आई आमच्याकडं राहायला आली. तिनं सामानाच्या आधी टाळ आणले आणि महिन्याभरात कॉलनीतल्या बायकांचं नवं मंडळ उभं केलं. कॅम्प पाचच्या जुन्या मंडळातून एकटी माझी मामी आली. मामी पेटी वाजवते. आता तिला कानांनी कमी ऐकू येतं, पण बोटांना सगळं पाठ आहे. मग फोन आले, आणि फोनपुढं गुणगुणलं की गाणं ओळखणारी सोय आली. मी आईच्या विठ्ठलाच्या गजरापुढं फोन धरला. त्यानं एक हिंदी गाणं दाखवलं. त्या गाण्याखाली लोक भांडत होते की ही चाल एका तुर्की गायकाची आहे. तुर्की गायकाखाली त्याचे देशबांधव भांडत होते की त्यानं ती एका अरबी बाईकडून उचलली. त्या बाईखाली काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं नाही, पण भांडण असावं. हल्ली भांडी घासताना मी त्या अरबी बाईंना ऐकते. आवाज फार मोठा आहे. विठ्ठलानं ओळख करून दिली नसती तर कधी भेट झाली नसती.

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं. पण आमच्या कॉलनीतल्या महादेवाच्या देवळाला नवे अध्यक्ष लाभले.

अध्यक्ष बांधकाम व्यवसायातले. संस्कृती ही गोष्ट त्यांना उतारवयात झाली, त्यामुळं मोठेपणी होणाऱ्या गोवरासारखी फार जोरात झाली. देवळाच्या कमानीवर त्यांचा हात जोडलेला फोटो लागला. तो महादेवापेक्षा मोठा होता, पण महादेवाकडं बघत होता, म्हणून कुणी बोललं नाही. पाठोपाठ फळ्यावर सूचना आली. या वर्षापासून श्रावणी सोमवारी देवळात फक्त शुद्ध पारंपरिक चालींवरची भजनं. सिनेमाच्या चालींना बंदी. प्रत्येक मंडळाची आधी चाचणी होईल, ती घ्यायला बाहेरून तज्ज्ञ येतील. जे मंडळ नापास होईल त्याचा सोमवार दुसऱ्याला.

श्रावणातला पहिला सोमवार आईच्या मंडळाचा. आई इथं आल्यापासूनचा. आता आईच्या गुडघ्यांत वाट्या बसवल्यात, एका दमात ओळ पुरी होत नाही. मी तिची समजूत काढायला गेले. म्हटलं, "जाऊ दे ना आई. घरीच म्हणू आपण. इथं हॉलमध्ये."

"घरी माझं कोण ऐकतं?" आई म्हणाली. "तू फोनमध्ये, जावई टीव्हीत. तिथं महादेव पूर्ण ऐकून घेतो. त्याला उठून जाता येत नाही."

मग ती गॅलरीत जाऊन टाळ पुसत बसली. पुसून झाले तरी पुसत होती. तेव्हा मला कळलं की सोमवार गेला तर ही बाई खचेल.

शुद्ध चाल शोधायला आमच्या हॉलमध्ये मंडळ जमलं. मी फोन घेऊन परीक्षक. बायका एकेक चाल म्हणायच्या आणि फोन तिला बाद करायचा.

मामीनं आपल्या आजीची ओवी काढली. फोनवरचं चक्र क्षणभर फिरलं.

"काय म्हणतोय?" मामीनं विचारलं.

"सिनेमा," मी तिच्या कानाशी ओरडले.

"शक्य नाही! माझी आजी जन्मात घराबाहेर पडली नव्हती."

"मग भिंतीतनं आली असेल," आई म्हणाली.

पाळणा गेला, भूपाळी गेली. जो अभंग आम्ही सगळ्यात जुना समजत होतो तो एका मालिकेचं शीर्षकगीत निघाला. हॉलमध्ये सुतक असल्यासारखं झालं. तेवढ्यात कोपऱ्यातून, सगळी कॉलनी ज्यांना वहिनी म्हणते, त्या बोलल्या. त्यांचं सासर बारवी धरणाकडच्या पाड्यावर. मुलांच्या शाळेसाठी त्या बदलापुरात राहतात. मंडळात त्या टाळ धरतात आणि क्वचितच तोंड उघडतात. "आमचे सासूचं एक गाणं हाय," त्या म्हणाल्या. "आवणीचं. भात लावताना बोलायची." आणि त्यांनी म्हटलं. साधं, वर-खाली होणारं, वाकून उठल्यासारखं.

फोन फिरला. पुन्हा फिरला. मग त्यानं लिहिलं, काही सापडलं नाही.

आमच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ज्या फोनला आई एरवी 'डबडं' म्हणते त्याला तिनं वाकून नमस्कार केला. रात्रीपर्यंत त्या चालीवर तिनं महादेवाचे शब्द बसवले.

अडचण एकच होती. आवणीच्या गाण्याची सुरुवात आणि आमच्या शंभोच्या गजराची सुरुवात जुळ्या बहिणींसारखी होती. पहिले काही सूर तेच, मग एक इकडं वळते, एक तिकडं. मामीची बोटं सवयीनं तिकडं वळायची. आणि मंडळाचा जुना दंडक असा की पेटी जिकडं, मंडळ तिकडं. एकटी चुकली तर चूक दिसते, सगळ्या मिळून चुकल्या तर ती चाल होते. सरावात मामी घसरली की आई तिच्या मांडीला चिमटा काढायची. चाचणीच्या दिवसापर्यंत चिमट्यांनी मामी बरीच सुधारली.

चाचणी देवळाच्या सभामंडपात होती. तज्ज्ञ रेशमी झब्ब्यात आले. आधी त्यांचा सत्कार, मग त्यांच्या हस्ते अध्यक्षांचा सत्कार. अध्यक्षांनी माईकवर सांगितलं, "सरांची साधना एवढी कडक आहे, की सरांनी आयुष्यात एकही सिनेमाचं गाणं कानावर पडू दिलेलं नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ते सिनेमाची चाल ओळखणार कशी, असा प्रश्न मला पडला. पण टाळ्या चालू होत्या. त्या अवस्थेतला दुसरा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. तो म्हणजे कॅम्प पाचच्या गल्लीत चपला काढून उभी असलेली मी.

"अशुद्ध चाल मला शोधावी लागत नाही," तज्ज्ञ म्हणाले. "तिथं माझं अंग आकसतं."

आमचं मंडळ बसलं. मंडळाच्या सगळ्या साड्या एका रंगाच्या, उल्हासनगरच्या बाजारात एकगठ्ठा घेतलेल्या. नवीन सभामंडपात आई आणि मामी यांच्यामध्ये माईक उभा केला होता. त्यामुळं आईचा हात मामीच्या मांडीपर्यंत पोचत नव्हता, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

पेटी सुरू झाली. पहिले सूर बरोबर आले. मग मामीनं डोळे मिटले, बोटांनी आयुष्यभराची वाट धरली, आणि पेटी जिना उतरू लागली. आईनं हात लांबवला, माईकचा दांडा हलला, स्पीकरमधून कुईं असा आवाज निघाला. तो मामीला ऐकू आला नाही. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पण पेटी जिकडं, मंडळ तिकडं. दहाही बायकांनी टाळ उचलले. आईचा चेहरा मला दिसत होता. सोमवार गेला हे तिला कळलं होतं. पण सुरू केलेला गजर अर्ध्यावर सोडायचा नसतो, म्हणून ती गायली, आणि आता जायचंच आहे तर, अशा आवाजात गायली.

अध्यक्षांचा उजवा खांदा हलला. ते माझ्याहून थोडे मोठे. ते गाणं गाजत होतं तेव्हा ते ऐन मिसरूड फुटायच्या वयात असणार. खांदा आपोआप पुढं आला, त्यांनी तो मागं नेला. मग त्यांना चाल ओळखू आली. ते उठले आणि हात वर करून काही बोलणार, एवढ्यात त्यांचं लक्ष तज्ज्ञांकडं गेलं.

तज्ज्ञांनी मोजडी काढली होती. डोळे मिटून हात जोडले होते. थांबायची जागा आली, आणि मंडळाबरोबर तेही खणखणीत आवाजात म्हणाले, "शंभो!"

गजर संपल्यावर त्यांनी मोजडी पुन्हा पायात घातली. मग ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "माई, ही चाल मी प्रथमच ऐकतो आहे. कुठल्या परंपरेतली?"

आई खोटं बोलत नाही. "कॅम्प पाचची," ती म्हणाली.

'मला माहीत नाही' हे वाक्य तज्ज्ञांकडं नव्हतं. "हां, हां," त्यांनी मान डोलावली. "कॅम्प पाचची परंपरा. आता फार थोड्या घरांत उरली आहे."

"अहो पण, ती तर लग्नातल्या बँडवर..." आई म्हणू लागली.

"वाजायचीच! मंगलवाद्यांवर वाजायचीच!" मग ते अध्यक्षांकडं वळले. "अध्यक्षमहाराज, धन्य आहात. असा ठेवा तुम्ही शोधून काढलात."

अध्यक्ष अजून उभेच होते, हात वर. त्यांनी तो हात हळूहळू खाली आणला आणि वाटेत नमस्कारात जोडला. "आपला आशीर्वाद," ते म्हणाले. आईकडं त्यांनी जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. चोरानं चोराकडं पाहावं तसं होतं ते, फक्त त्यांनी चोरी केली नव्हती.

आई घरी आली ती अस्वस्थ. "पास झालो की नापास, तेच कळेना. देवासमोर खोट्या नावानं बसायचं म्हणजे..." शेवटी तिनं ठरवलं की सोमवारी आवणीचंच म्हणायचं. ते तरी खरं शुद्ध आहे. सासूबाईंना एकदा विचारून घ्या म्हणून तिनं वहिनींकडं लकडा लावला. वहिनींनी पाड्यावर फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून म्हातारी ओरडून बोलत होती.

"ते गाणं व्हय? ते शिनेमाचं! माझं लगीन नव्हतं झालं तवाचं. जत्रंत तंबू आलता ना!"

फोनला सापडलं नव्हतं एवढंच. तो सिनेमा बहुधा सगळ्यांच्याच विस्मरणात गेला असेल, एका म्हातारीला आणि तिच्या भातखाचरांना सोडून.

आई हसायला लागली. गुडघे धरून हसली. "मग आपलं तेच बरं," ती म्हणाली. "निदान बसवलेलं आहे."

पहिल्या सोमवारी देवळाबाहेर नवा फलक होता: दुर्मीळ कॅम्प पाच परंपरेचे भजन. आईनं कॅम्प पाचहून आंटीला मुद्दाम बोलावलं होतं. आंटी आता काठी घेऊन चालते. फलक वाचून तिनं मला विचारलं, "ये कौन सा परंपरा है? मैं तो पचास साल से उधर ही हूँ."

"आत ऐका," मी म्हटलं.

देऊळ भरलं होतं. तज्ज्ञ पहिल्या रांगेत, शेजारी अध्यक्ष, हातात माईक. मंडळाबरोबर 'शंभो' म्हणायचा मान त्यांनी स्वतःकडं घेतला होता. गजर सुरू झाला आणि आंटीनं माझं मनगट घट्ट धरलं. साठीच्या आसपासच्या सगळ्या माना एकदम वर आल्या. आता कुणी हसेल, कुणी ओरडेल, असं मला वाटलं. आईनं ओळ संपवली, नेहमीसारखी थांबली. त्या शांततेत अध्यक्षांनी माईक तोंडाशी नेला आणि भर देवळात, चारही स्पीकरांतून, लांबलचक, ओलं 'हाय' बाहेर पडलं.

अध्यक्षांनी माईककडं असं पाहिलं, जणू तो माईकच म्हणाला.

आईचा टाळ चुकला नाही. तिनं पुढची ओळ घेतली, पुन्हा त्या जागी आली, या वेळी थोडी जास्त थांबली, आणि मोठ्यानं म्हणाली, "हाय शंभो!" पेटी नव्हे, या वेळी आई जिकडं, मंडळ तिकडं. तिसऱ्या खेपेला अख्खं देऊळ म्हणालं. तज्ज्ञ सगळ्यात मोठ्यानं म्हणाले. आंटीनं काठी माझ्या मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि हात जोडले.

प्रसाद वाटताना अध्यक्ष आईजवळ आले. घाम पुसत म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षी पहिला सोमवार तुमचाच."

"आणि तो नियम?"

"नियम आहेच ना." त्यांनी आईच्या ओंजळीत शिऱ्याचा दुसरा द्रोण ठेवला. "शुद्ध चालीचाच."

हल्ली अंबरनाथच्या एका मंडळानंही तो गजर बसवलाय, 'हाय'सकट. परवा मी त्यापुढं फोन धरला. तो बराच वेळ फिरला आणि त्यानं आमच्या देवळातल्या त्या सोमवारचा व्हिडिओ दाखवला. खाली दोघं भांडत होते.